तू वर्गात आलीस की बाई बाहेर का जातात?

मावशी,

मी मूळची कराडकडची. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, आता पुण्यात आयटीत आहे. तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून टांझानियात आलेय. दोदोमापासून बसने तीन तास आत एक खेडं आहे, तिथल्या सरकारी शाळेच्या बालवर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवते. एजन्सीला दीड लाख भरले, विमानाचं भाडं वेगळं. पाच आठवडे झाले, सात उरलेत.

पटावर चौऱ्याण्णव मुलं आहेत. खोली एक, बाकं नाहीत, आणि तीन वर्षांच्या पोरापासून सहा वर्षांच्या पोरापर्यंत सगळे एकत्र. पहिल्या दिवशी बाई ‘टू ओक्लॉक’ म्हणाल्या म्हणून मी दुपारी दोनला गेले, तर शाळेला कुलूप! आता रोज मी वर्गात शिरले की बाई हसतात आणि बाहेर झाडाखाली जाऊन बसतात. मला भाषा येत नाही. मी ‘हाऊ आर यू’ म्हटलं की मुलंही एका सुरात ‘हाऊ आर यू’ ओरडतात. चॉकलेटं वाटली तर अशी झुंबड उडाली की एका पोराचा ओठ फुटला. दहा दिवसांपूर्वी पाणी सांडलं म्हणून बाईंनी एका मुलाला काठी मारली. मी ती हिसकावून घेतली. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

मुख्याध्यापक म्हणतात छप्पर गळतंय. पुण्यातल्या मित्रांनी बासष्ट हजार जमवलेत, ते विचारतात काय पाठवू. चारेक वर्षांची एक मुलगी दिवसभर माझी ओढणी धरून असते, मी निघाले की रडते. भाऊ फोनवर म्हणाला, “फोटो काढायलाच गेलीस ना?” आई म्हणते, शिकवायचंच होतं तर पाटणच्या वाड्या-वस्त्या काय कमी होत्या? रोज रात्री वाटतं, परत जावं. जाऊ का? आणि राहिले तर करू काय?

तुमची,
नाइलाजाने मास्तरीण

*

परत येऊ नकोस. पण सोमवारपासून शिकवणं थांबव.

सांगते. त्याआधी माझा अधिकार काय ते ऐक. १९९०च्या दशकात ह्यांची नोकरी दार-एस-सलामला होती. चार वर्षं आम्ही तिथे काढली आणि एका ओळखीतून मी दोदोमाकडच्या दोन शाळांत जात-येत असे. त्याआधी डहाणू-तलासरीच्या बाजूला बालवाडीताईंची प्रशिक्षणं घेतलेली, त्यामुळे बालशिक्षणातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. मी पुण्याहून चाळीस इंग्रजी तक्ते मागवले. ए फॉर ॲपल, आय फॉर इग्लू. दोदोमाच्या उन्हात इग्लू! सहा महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा इग्लूचा तक्ता खिडकीच्या भोकाला खिळे मारून बसवलेला होता. वारा अडत होता छान. त्या तक्त्यांचा तेवढाच काय तो उपयोग झाला, आणि तोही मी सुचवलेला नव्हता. तेव्हा मी जे बोलणार आहे ते शहाणपणातून आलेलं नाही, त्या चाळीस तक्त्यांतून आलंय.

आता त्या बाई बाहेर का जातात ते बघू. तुझ्या पत्रात त्याचा राग दिसतो, म्हणजे त्यांना कामचुकार धरलंयस. एकदा त्यांच्या बाजूनं विचार कर. सरकारी धोरणात बालवर्गाला एका शिक्षकामागे पंचवीस मुलं धरलीत, त्यांच्यापुढे चौऱ्याण्णव आहेत. प्राथमिक शाळेची फी २००२ मध्ये गेली, २०१६ पासून माध्यमिकच्या पहिल्या चार वर्षांचीही गेली. मुलं लोंढ्यानं आली, हे चांगलंच झालं, पण खोल्या आणि शिक्षक त्या वेगानं आले नाहीत. अशा वर्गात रोज सकाळी एकटीनं उभं राहणाऱ्या मुलीला परदेशातून आलेली, रंगीत कार्डं घेतलेली पाहुणी म्हणते, मी घेते आता. ती बाहेर जाणार नाही तर काय करणार? पाहुणीच्या मध्ये उभं राहणं तिच्या रीतीत बसत नाही. आणि खरं सांगू का, वर्षभरात पहिल्यांदा तिला कुणी बसायला दिलं असेल.

दुसरी एक शंका आहे, ती मुख्याध्यापकांना हळूच विचारून बघ. ही मुलगी सरकारी शिक्षिका आहे का? टांझानियात खेड्यातले बालवर्ग पुष्कळदा गावातलीच फॉर्म फोर, म्हणजे आपल्या अकरावीच्या आसपास शिकलेली एखादी मुलगी चालवते. पालक वर्गणी काढून तिला थोडे पैसे देतात. कधी देतात, कधी पीक बुडालं की देत नाहीत. अशा शिक्षिकेला स्वाहिलीत म्हणतात ‘म्वालिमू वा कुजितोलेआ’. कुजितोलेआ म्हणजे स्वतःला देऊ करणं. मराठीत आपण त्याला स्वयंसेवा म्हणतो. म्हणजे तसं असेल, तर त्या खोलीत स्वयंसेवक एक नाही, दोन आहेत. एकीनं दीड लाख भरून तीन महिने दिलेत. दुसरी किती वर्षं देतेय, ते तुला ठाऊक नाही. आणि तिच्या हातातली काठी तू चौऱ्याण्णव मुलांसमोर हिसकावलीस.

काठीचं बोलूच. तुला संताप आला तो योग्यच होता, तो गिळ असं मी म्हणणार नाही. पण ज्या देशात तू आहेस तिथल्या कायद्यात शाळेतली छडी अजून बसते: मुख्याध्यापकांच्या परवानगीनं, गंभीर चुकीला, आणि चार फटक्यांच्या आत. पाणी सांडणं ही काही गंभीर चूक नव्हे, म्हणजे त्यांच्याच नियमानं ते चुकलंच. पण आपणही फार वर चढून बोलायला नको. ‘छडी लागे छमछम’ म्हणत आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये मारायला बंदी केली, आणि त्यानंतरही काय चालतं ते तुझ्या गावातल्या पोरांना विचार. चौऱ्याण्णव मुलांपुढे उभ्या असलेल्या एकट्या बाईच्या हातातली काठी काढायची, तर त्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. ते तू दिलं नाहीस.

म्हणून आधी माफी. शाळेत नको, घरी जा. दारात उभी राहून ‘होडी’ अशी हाक घाल. नदीतली नव्हे, तिकडे होडी म्हणजे ‘येऊ का आत’. आतून ‘कारिबू’ आलं की मगच उंबरा ओलांड. तिची आई असेल तर तिला ‘शिकामू’ म्हण. लहानानं मोठ्याला करायचा तो नमस्कार आहे, उत्तर ‘मराहाबा’ येतं. मुलं रोज तुला शिकामू म्हणत असतील आणि तू हॅलो म्हणत असशील, असा माझा अंदाज आहे. मुख्याध्यापकांनाही तू हॅलोच म्हणतेस ना? उद्यापासून शिकामू. हात रिकामे नेऊ नकोस, किलोभर साखर आणि एक साबणाची वडी ने. आणि म्हण ‘समाहानी’, म्हणजे माफ करा. एवढंच. मारू नये यावर व्याख्यान त्या दिवशी नको. ते पुढे कधीतरी, दोघी वर्ग चालवताना, आपसूक निघेल. तुला टाळ्यांच्या तालावर गलका थांबवता आला आणि तिला दिसला, तर कदाचित बोलावंही लागणार नाही.

पण फटका पुन्हा पडताना दिसला आणि पोराला लागलं असेल, तर गप्प बसायचं नाही. मुलाला घेऊन पाणी प्यायला बाहेर जा आणि त्याच दिवशी एकांतात मुख्याध्यापकांशी बोल. व्हिडिओ काढायचा नाही, समाजमाध्यमांवर टाकायचा तर अजिबातच नाही.

आता भाषा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या अडचणीचं मूळ इथे आहे आणि तुझी ताकदही.

दोदोमाच्या आसपास गोगो लोकांची वस्ती. घरात किगोगो बोलतात. शाळा चालते स्वाहिलीत. १९६७ नंतर टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या सरकारनं प्राथमिक शिक्षण देशभर स्वाहिलीत आणलं. न्येरेरे स्वतः शाळामास्तर होते, देश त्यांना आजही ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणूनच ओळखतो. तर तुझ्या वर्गातलं चार वर्षांचं पोर घरून किगोगो घेऊन येतं, दारात त्याला स्वाहिली भेटते, आणि फळ्यापाशी तू इंग्रजी घेऊन उभी असतेस. मेळघाटातलं कोरकू पोर मराठी शाळेत कसं बावचळतं हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या बावचळण्यावर तू तिसरी भाषा ठेवलीस. मुलं ‘हाऊ आर यू’ परत ओरडतात याचं तुला वाईट वाटतं, पण ती बिचारी आज्ञाधारक आहेत. समोरची बाई म्हणते ते म्हणायचं, एवढंच त्यांना शाळेबद्दल कळलंय.

या तिन्ही भाषांमधला पूल त्या खोलीत एकाच व्यक्तीपाशी आहे, आणि तीच झाडाखाली बसलीय.

तू म्हणशील, पण गावालाच इंग्रजी हवंय. हवंच असणार. तिकडे माध्यमिक शाळा इंग्रजीत सुरू होते आणि सात वर्षं स्वाहिलीत शिकलेली मुलं तिथे धडाधड आपटतात, आईबापांनी ते पाहिलेलं असतं. आपल्या जिल्ह्यात लोक मराठी शाळेतून मुलं काढून पिवळ्या बसमध्ये का बसवतात? तीच भीती. पण चार वर्षांच्या मुलाला न समजणाऱ्या भाषेत रंगांची नावं पाठ करवून ती भीती जात नाही. तू मराठी शाळेतून इंजिनिअर झालीस. तुला वाचायला आलं ते कुठल्या भाषेत? आधी घरच्या शब्दांत अक्षराची गंमत कळली, मग बाकीचं आलं.

आणि आता तुझी ताकद. स्वाहिली लिहितात तशीच वाचतात. पाच स्वर, आणि मुलांना शिकवतात ते बा बे बी बो बू असं. ओळखीचं वाटतं की नाही? बाराखडी आहे ती! इंग्रजी शाळेतून आलेल्या गोऱ्या स्वयंसेवकाला जे अवघड जातं ते तू पाटीवर गिरवून मोठी झालीस. शब्दही बघ. किताबू म्हणजे पुस्तक, कलामू म्हणजे लेखणी, साबुनी म्हणजे साबण, सेरिकाली म्हणजे सरकार, गारी म्हणजे गाडी, डुका म्हणजे दुकान, लाकी म्हणजे लाख. काही आपण आणि त्यांनी दोघांनीही अरबी-फारसीतून उचललेले, काही आपल्या किनाऱ्यावरून गलबतांत बसून गेलेले. तिथल्या पहिलीचा सगळा भर ज्या तीन गोष्टींवर असतो त्या म्हणजे कुसोमा, कुआंदिका, कुहेसाबू. वाचणं, लिहिणं, आणि तिसरा तर आपला हिशेबच आहे. पंधरा दिवसांत तुला मुलांबरोबर अडखळत वाचता येईल. मुलांना दुरुस्त करू दे तुला. मोठ्या माणसाला चुकताना बघण्याइतका आनंद त्या वयात दुसरा नसतो, आणि तुझी चूक काढायला ती आपणहून तोंड उघडतील.

ते दोन वाजताचं प्रकरण वाचून मी मनसोक्त हसले, माफ कर. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला, आठ म्हणजे दोन. आपल्याकडे पहिला प्रहर, दुसरा प्रहर म्हणतात त्याच वळणाचं. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्र बाराही महिने जवळजवळ सारखे, त्यामुळे ते चालूनही जातं. इंग्रजीत बोलताना आकडा तसाच राहिला, एवढंच. यापुढे कुणी वेळ सांगितली की सहा मिळवून बघ.

तर सोमवारी काय करायचं. वर्गात शिरायचं आणि मागे, मुलांच्यात, खाली बसायचं. बाई बाहेर जायला निघाल्या तर खडू त्यांच्या हातात द्यायचा. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होईल. बसून राहा. बघ, त्या किगोगोतून स्वाहिलीत मुलांना कशा आणतात, कुठलं पोर मागे पडतं, कोण पाठीवर धाकट्याला बांधून आलंय. त्या तीन वर्षांच्या पोरांचं नाव पटावर असतं ते शिक्षणासाठी नव्हे, ताई शाळेत येते आणि घरी सांभाळायला कुणी नसतं म्हणून. त्यांना अक्षरं नकोच आहेत. त्यांना सावली, पाणी आणि खेळ हवा.

मग चार-पाच दिवसांनी बाईंना विचारून वर्गाचे दोन भाग करा. भाषेचं काम, म्हणजे गोष्ट, गाणं, बा बे बी बो बू, हे खोलीत त्यांच्याकडे. ज्याला भाषा फारशी लागत नाही ते झाडाखाली तुझ्याकडे. हात धुणं. मातीत बोटानं गिरवणं. खड्यांची रांग, बिया, कणसाची बुरखुंडं, सोड्याच्या बाटल्यांची टोपणं; लहान-मोठं, कमी-जास्त, एकास एक. भुईमूग मात्र मोजायला देऊ नकोस, निम्मं गणित पोटात जाईल. तासाभरानं गट बदलायचे. सत्तेचाळीस मुलांपुढे काठी लागत नाही असं मी म्हणत नाही, पण चौऱ्याण्णवांपुढे लागते त्याहून खूप कमी लागते.

हे मी तिकडे शिकले नाही, आपल्याकडूनच घेऊन गेले होते आणि ते तक्ते आल्यावर विसरले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. त्यांच्याही बालवाडीत वारली मुलं येत नव्हती. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली, म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली. साहित्य म्हणजे खडे, पानं, शंखशिंपले. हे शब्द आज आपण सरकारी योजनेचे म्हणून वापरतो, पण त्यामागे दोन बायांनी आपला बेत मोडून मुलांच्या दारात जाणं होतं. अर्थात त्या तिथे जन्मभर राहिल्या, तू सात आठवडे आहेस. म्हणून त्यांच्याशी तुलना नको, खडे तेवढे उचल.

बासष्ट हजारांचं सांगते. छपराला देऊ नकोस. छप्पर गळतंय हे खरं असेल, पण बासष्ट हजारांत ते धड होणार नाही आणि अर्धवट राहिलेलं बांधकाम गावाच्या नशिबी येईल. शिवाय सरकारी इमारतीचं छप्पर गावानं सरकारकडे मागायचं असतं, पाहुणी देते म्हटल्यावर ते मागणं बंद होतं. आणि तुझ्याकडेच का मागितलं, तेही समजून घे. तिकडे आपल्याला ‘म्हिंदी’ म्हणतात, आणि म्हिंदी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या फळीमागचा माणूस. गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून तिथे आत आत जाऊन दुकानं थाटली. तू आयटीतली, बिनपगारी रजा काढून आलेली, हे गावाला दिसत नाही. म्हिंदी दिसते, म्हणजे गल्ला दिसतो. त्यात मुख्याध्यापकांचा लोभ मला दिसत नाही. प्राथमिकच्या मुलामागे वर्षाला दहा हजार शिलिंग अनुदान धरलेलं, म्हणजे आपले तीन-साडेतीनशे रुपये. त्यात खडूपासून परीक्षेपर्यंत सगळं बसवायचं असलेला माणूस समोरच्याकडे मागणारच.

आत्ता तिकडे दिवस कुठले आहेत? फेब्रुवारी. दोदोमाला पाऊस एकदाच, डिसेंबर ते एप्रिल. ज्वारी-बाजरी अजून शेतात उभी आहे आणि कणग्या रिकाम्या झाल्यात. आपल्याकडे श्रावणात जुनं धान्य संपायचं आणि नवं यायचं असायचं, तशी स्थिती. तुझी मुलं दहा वाजता माना टाकत असतील, आणि तुला ते कंटाळणं वाटत असेल. पीक दाण्यात आलं की पटावरची निम्मी मोठी पोरं दिसेनाशी होतील तीही वेगळ्या कारणानं: केलेआ नावाची इवलीशी पाखरं थव्यांनी येऊन ज्वारी फस्त करतात, आणि राखणीला पोरंच लागतात. तिथेही गोफणी आहेत, बघून घे.

म्हणून ते पैसे उजीत जाऊ देत. उजी म्हणजे पिठाची पातळ पेज, आपल्या आंबिलीची बहीण म्हण. पीठ ज्वारीचं किंवा बाजरीचं, गावातच विकत घ्यायचं, म्हणजे पैसा गावातच राहतो. दोन मोठी पातेली आणि शंभर कप. पण हे तू सुरू करायचं नाही. शाळा समितीपुढे, बाई आणि मुख्याध्यापक दोघांच्या तोंडून विषय जाऊ दे. लाकूड-पाणी पालकांचं, ढवळायला आयांची पाळी, आणि मे महिन्यात पीक आलं की प्रत्येक घरानं एक-दोन पायल्या धान्य शाळेत आणून द्यायचं, असं कबूल होत असेल तरच पहिलं पोतं घ्यायचं. पावत्या समितीच्या नावानं. कबूल नाही झालं तर मित्रांना पैसे परत कर. रागावतील, रागावू देत. आणि कपडे, खेळणी, जुने टॅब यांची खोकी पाठवतो म्हणतील, त्यांना आजच नाही म्हणून टाक.

चॉकलेटचं तुला कळलंच आहे, त्यावर मी वेगळं काय बोलू.

ती ओढणी धरणारी मुलगी. मला तिची जास्त काळजी आहे, आणि तुझी थोडी कमी. तुला जे प्रेम वाटतंय ते खरं आहे, पण एप्रिलमध्ये तू जाणार आहेस हे तिला माहीत नाही. तिला दूर ढकलू नकोस. फक्त तिचा हात दिवसभरात हळूहळू दुसऱ्या हातात देत जा: बाईंच्या, एखाद्या मोठ्या मुलीच्या. घरी कोण आहे ते बाईंना विचार. आई हल्लीच बाळंत झाली असेल, कुणी गेलं असेल, काहीही असेल. मांडीवर घेऊन फोटो नको. तुझ्या एजन्सीनं येण्याआधी पोलिसांचा दाखला मागितला होता का गं? मागितला नसेल तर लक्षात घे, तुझ्या जागी उद्या कुणीही येऊ शकतो. एजन्सीनं उद्या ‘जवळच्या अनाथाश्रमात पण दोन दिवस जा’ म्हटलं तर साफ नकार दे. अशा पुष्कळ ठिकाणी आईबाप असलेली मुलं पाहुण्यांसाठी जमवलेली असतात आणि दर महिन्याला नवी ओढणी धरून नवं रडतात.

परवान्याचंही बघ. तिकडे स्वयंसेवेसाठी ‘सी’ वर्गाचा निवास परवाना लागतो, पर्यटक व्हिसावर चालत नाही. तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस म्हणून विचारते. नसेल तर एजन्सीकडून आजच लेखी उत्तर घे आणि तोवर वर्गात जाऊ नकोस. पकडली गेलीस तर तू विमानात बसशील, प्रश्न मुख्याध्यापकांना विचारले जातील. आणि दीड लाखांतले शाळेपर्यंत किती पोचले हेही त्याच पत्रात विचारून टाक. उत्तर येणार नाही बहुतेक, पण विचारलेलं बरं.

आईचं म्हणणं बरोबर आहे आणि उशिरा आहे. पाटणच्या वाड्या कुठे जात नाहीत, परत आल्यावर शनिवार-रविवार तिकडे जा की. भावाला मात्र सांग, गेल्या पाच आठवड्यांचा त्याचा आरोप अर्धा खरा होता.

आता ज्यासाठी मी तुला थांब म्हटलं ते. शाळा दुपारी सुटते. त्यानंतर तुझ्याकडे चार तास असतात आणि त्या बाईंकडेही, पाणी-लाकूड झाल्यावर, एखादा असेल. ती खरंच फॉर्म फोर झालेली गावातली मुलगी असेल, तर पुढे शिक्षक-विद्यालयात जाण्याचं दार तिच्यापुढे त्या परीक्षेच्या गुणांनीच बंद झालेलं असणार. ती परीक्षा एक स्वाहिलीचा विषय सोडला तर जवळजवळ सगळी इंग्रजीत असते. बाहेरून पुन्हा बसता येतं. तुला इंग्रजी येतं, गणित तर तुझा हातखंडा. चौऱ्याण्णव मुलांना तू सात आठवड्यांत काहीही शिकवू शकणार नाहीस. एका मुलीला मात्र बीजगणित आणि इंग्रजीचे निबंध नक्की शिकवू शकतेस, आणि ते तू पुण्याला परतल्यावरही, आठवड्यातून दोनदा, फोनवर चालू ठेवू शकतेस. बदल्यात ती तुला स्वाहिली शिकवेल. तिला ते हवं असेल तरच, अर्थात. विचारताना उपकाराचा सूर नको, तुला स्वाहिली शिकायचीय म्हणूनच आधी विचार.

तुझं मूळ पत्र चार पानी होतं, इथे मी कापून दिलंय. ते मी तीनदा वाचलं. त्यात त्या ओढणीवाल्या मुलीचं नाव आहे, मुख्याध्यापकांचं आहे, तुझ्या घरमालकिणीचं आहे, तिच्या कुत्र्याचंसुद्धा आहे. बाईंचं नाव कुठेच नाही. पुढच्या पत्रात ते लिही.

तुझी,
मावशी